पेरूचा पाला, आयर्लंडचे मूळ आणि तुरट रसाची परीक्षा

गेल्या जानेवारीत एका रात्री अकराच्या सुमारास माझ्या भाचीचा ब्लँचर्डस्टाउनहून फोन आला. ब्लँचर्डस्टाउन हे आयर्लंडची राजधानी डब्लिन हिच्या पश्चिमेचे उपनगर. आपल्या बेटावरून शिकण्यासाठी गेलेली कितीतरी मुले त्या देशातच राहिली, तशीच हीही राहिली. तिथे १९९९ साली एक तंत्रज्ञान संस्था निघाली, तिच्यात ती शिकली. १ जानेवारी २०१९ पासून ही संस्था टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी डब्लिन या नव्या विद्यापीठात सामील झाली आहे. शिक्षण संपल्यावर भाची जवळच्याच एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. आमच्याकडे अकरा म्हणजे तिच्याकडे संध्याकाळचे सात.

"मामा, आजी जागी आहे का? बाळाला दुपारपासून जुलाब होताहेत."

माझी आई जागीच होती. तिने फोन घेतला आणि आपल्याकडची कोणतीही आजी सांगेल तेच सांगितले : पेरूची कोवळी पाने घे, धू, उकळ आणि ते पाणी कोमट करून थोडे थोडे पाज. भाची म्हणाली, "आजी, इथे पेरूचे झाड कुठून आणू? बाहेर हाडे गोठताहेत." तेवढ्यात तिची शेजारीण आली. मेयो परगण्यातली म्हातारी. तिने तिच्या आजीचे औषध सांगितले. माळरानावर चार पाकळ्यांचे पिवळे फूल येते, त्याचे मूळ दुधात उकळून द्यायचे. पण ते मूळही त्या थंडीत कोण खणणार?

शेवटी रात्रभर घोट घोट मीठसाखरेचे पाणी पाजून सकाळी मुलाला कॉनोली रुग्णालयाच्या आवारातील मुलांच्या केंद्रात नेले. तिथल्या डॉक्टरांनी शरीरातील पाणी कितपत कमी झाले आहे ते पाहिले, क्षारसंजीवनीचे पाणी चालू ठेवायला सांगितले आणि दुसरे औषध काही दिले नाही. तीन दिवसांत पोरगा पुन्हा घरभर धावू लागला.

गोष्ट इथेच संपायची. पण भाची प्रयोगशाळेतली. आठवड्याने तिचा पुन्हा फोन आला. "मामा, आजीचा पाला आणि शेजारणीचे मूळ यांची चव एकच आहे, तुरट. दोघी एकमेकींना ओळखत नाहीत, दोघींच्या देशांत सात समुद्रांचे अंतर. मग हा नुसता योगायोग कसा?"

योगायोग नाही. त्या तुरटपणाला शास्त्रात टॅनिन म्हणतात, आणि त्याची परीक्षा गेली तीनशे वर्षे चालू आहे. तिचा काही भाग तर भाची राहते त्याच डब्लिन शहरात झाला.

आधी तुरट म्हणजे काय ते पाहू. कच्चे केळे किंवा कात तोंडात धरला की जीभ आखडते, गालांना आतून ओढ बसते. गोड, आंबट, खारट या जशा चवी आहेत तशी ही नव्हे. आपल्या लाळेत प्रथिने असतात, त्यांच्यामुळे तोंड ओलसर आणि बुळबुळीत राहते. टॅनिन या प्रथिनांना धरते, त्यांचा साका होतो आणि तोंड कोरडे पडते. प्रथिनाला घट्ट धरणे हा टॅनिनचा मूळ धर्म आहे. पुढे जे काही येईल ते बहुतेक यातूनच निघते.

चांभाराला हा धर्म पंडितांच्या आधी ठाऊक होता. ओले कातडे दोन दिवसांत कुजते, कारण जंतू त्यातील प्रथिने खातात. तेच कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवले की टॅनिन त्या प्रथिनांना असे जखडते की जंतूंना त्याचा घास घेता येत नाही. यालाच आपण कातडे कमावणे म्हणतो. कोल्हापुरी चपलेचे कातडे याच रीतीने कमावत आले आहेत.

युरोपात हे काम ओक वृक्षाच्या सालीने होत असे. आयर्लंडमधली ओकची राने मात्र तोडून तोडून संपत आली होती आणि साल बाहेरून आणावी लागे. अशा वेळी विल्यम मेपल नावाच्या डब्लिनच्या रसायनज्ञाने दाखवून दिले की माळरानावरच्या एका रोपाच्या मुळानेही कातडे कमावता येते. १७२७ साली आयर्लंडच्या पार्लमेंटने त्याला २०० पौंड दिले आणि १७२९ साली त्याची सालीवाचून कातडे कमावण्याची पुस्तिका डब्लिनला छापून निघाली. हे रोप म्हणजे टॉरमेंटिल, तेच मेयोच्या म्हातारीचे पिवळे फूल! त्याचे मूळ कापले की आतून तांबडे निघते आणि वाळल्यावर त्याच्या वजनात पंधरा-वीस टक्के टॅनिन भरते. हाच मेपल पुढे १७३१ साली डब्लिन सोसायटी स्थापन करणाऱ्यांत होता.

आता आपल्या बाजूची गोष्ट. १८०३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हम्फ्री डेव्ही या तरुण शास्त्रज्ञाने तुरट वनस्पतींवर एक निबंध वाचला. जोसेफ बँक्स यांना हिंदुस्थानातून आलेल्या काताविषयी कुतूहल होते, म्हणून डेव्हीने दोन नमुने तपासले, एक मुंबईचा आणि एक बंगालचा. मुंबईच्या कातात २०० ग्रेनमागे १०९ ग्रेन टॅनिन निघाले, बंगालच्यात ९७. ओकच्या सालीपेक्षा कात कातडे कमावण्याच्या कामी सात-आठ पट जोरकस, असा त्याचा निष्कर्ष होता. कात म्हणजे खैराच्या गाभ्याच्या ढलप्या उकळून, तो अर्क आटवून केलेली वडी. ज्या कातकऱ्यांना या कामावरून नाव पडले, त्यांच्या कष्टाचा हिशेब काही त्या निबंधात नाही. हाच डेव्ही १८१० आणि १८११ साली डब्लिन सोसायटीच्या निमंत्रणावरून व्याख्याने द्यायला डब्लिनला गेला होता. मेपलची सोसायटी ती हीच.

पण कातडे कमावणे निराळे आणि मुलाचे जुलाब थांबवणे निराळे. काढ्यात टॅनिन आहे की नाही, असल्यास किती, आणि जंतूंवर जो परिणाम दिसतो तो टॅनिनचाच की दुसऱ्या कशाचा, हे कसे ठरवायचे? मी भाचीला हेच विचारले. तिने जे सांगितले ते मला समजले तसे देतो.

पाने सावलीत वाळवायची, कुटायची आणि भिजत घालायची. आपण पाण्यात उकळतो, प्रयोगशाळेत ॲसिटोन आणि पाण्याच्या मिश्रणात भिजवतात, कारण त्यात टॅनिन जास्त उतरते. मग पहिली चाचणी लोखंडाच्या क्षाराची. एक थेंब टाकला की अर्क निळाकाळा किंवा हिरवट काळा होतो. निळाकाळा झाला तर बहुधा हिरड्याच्या किंवा डाळिंबाच्या सालीच्या जातीचे टॅनिन, जे आम्लाने फुटून सुटे होते. हिरवट झाला तर काताच्या जातीचे, लांब साखळ्यांचे. ही चाचणी आपल्या आज्या न कळत करत होत्या. काढा लोखंडाच्या भांड्यात उकळू नये, काळा पडतो, असे त्या सांगत ते याचमुळे. पूर्वी हिरडा आणि लोखंड मिळून शाई करत तीही हीच.

दुसरी चाचणी सरसाच्या जातीच्या शुद्ध प्रथिनाची. त्याचे पाणी अर्कात टाकले की टॅनिन साका होऊन तळाशी बसते. तिसरी मोजमापाची. एका रसायनाने अर्क निळा होतो आणि निळाई जितकी गडद तितके द्रव्य जास्त. इथे मात्र पुष्कळजण फसतात. ती निळाई एकट्या टॅनिनची नसते, क जीवनसत्त्वानेही ती येते. म्हणून शहाणा माणूस आधी सगळे मोजतो, मग कातड्याच्या भुकटीने टॅनिन शोषून काढतो, पुन्हा मोजतो आणि वजाबाकी करतो. पुढे यंत्रातून अर्क सोडून त्याचे एकेक घटक वेगळे करतात.

यानंतर जंतूंची पाळी. काचेच्या बशीत आगर नावाच्या शेवाळाचा मऊ थर ओतायचा, त्यावर जंतू पेरायचे, थराला भोक पाडून त्यात अर्क घालायचा. दुसऱ्या दिवशी भोकाभोवती जंतू न उगवलेले स्वच्छ कडे दिसले तर अर्कात काहीतरी आहे. छायाचित्रात हे कडे मोठे देखणे दिसते. पण टॅनिनच्या बाबतीत तेच कडे खोटे बोलू शकते. टॅनिनचे रेणू मोठे, ते आगरातून सावकाश सरकतात, शिवाय जंतूंसाठी घातलेल्या खाद्यातल्या प्रथिनांनाच चिकटून बसतात. म्हणजे कडे लहान म्हणून अर्क दुबळा असे नाही. उलटही होते. अर्क मद्यार्कात काढला असेल तर जंतू मद्यार्कानेच मेले असतील, म्हणून एका भोकात नुसता मद्यार्क घालून पाहावा लागतो.

यापेक्षा भरवशाची रीत म्हणजे लहान लहान खळग्यांच्या ताटात अर्क निम्मा, पाव, अष्टमांश असा पातळ करत जायचे आणि कोणत्या खळग्यापर्यंत जंतू वाढत नाहीत ते पाहायचे. अर्क आधीच गढूळ, म्हणून डोळ्यांवर न विसंबता एक निळा रंग घालतात. जंतू जिवंत असले तर तो गुलाबी होतो. मग शेवटचा प्रश्न : टॅनिन काढून घेतलेला अर्क जंतूंना अडवतो का? अडवत नसेल तर काम टॅनिनचे. आणि त्यात लोह घातल्यावर जंतू पुन्हा वाढू लागले तर कळते की टॅनिन त्यांना विष घालत नव्हते, त्यांचा लोहाचा घास पळवून त्यांची उपासमार करत होते. "मामा," भाची म्हणाली, "जंतू मरणे आणि जंतू न वाढणे यांत फार फरक आहे. लोक दोन्हींना एकच समजतात."

ही परीक्षा आपल्या झाडांची झाली आहे का? झाली आहे, आणि तीही मुंबईत. कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया करण्यात ज्यांनी आयुष्य घालवले, त्या डॉ. नोशीर अँटिया यांनी १९७५ साली मुंबईत फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था काढली. तिच्यात डॉ. तन्नाज बिर्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेरूच्या पानांच्या काढ्यावर वर्षानुवर्षे काम केले. त्यांचा २०१० सालचा निबंध मला फार मोलाचा वाटतो. शिगेला आणि कॉलरा या जंतूंना काढ्याने अडवले. जुलाब करणाऱ्या ई. कोलाय या जंतूंच्या बाबतीत मात्र गंमत झाली. ते आतड्याच्या पेशींना चिकटतात किंवा आत शिरतात, त्या दोन्ही गोष्टी काढ्याने कमी झाल्या आणि त्यांचे एक विषही कमी तयार झाले. दुसऱ्या एका विषावर मात्र काढ्याचा काही परिणाम झाला नाही. पानांतला एकच घटक, क्वेर्सेटिन, सुटा करून पाहिला तर त्याने जंतूही अडले नाहीत आणि विषेही कमी झाली नाहीत. म्हणजे पाल्याचे काम चोराला ठार करण्याचे नव्हे, त्याला दाराची कडी सापडू न देण्याचे. नुसत्या आगराच्या बशीवर विसंबले असते तर हा पाला ई. कोलायवर निकामी म्हणून बाजूला पडला असता.

पुढे २०२० साली याच मंडळींनी १०९ रुग्णांवर काढा देऊन पाहिल्याचा निष्कर्ष छापला. दहा पानांचा काढा दिवसातून तीन वेळा घेणारे रुग्ण नुसते क्षारसंजीवनीचे पाणी घेणाऱ्यांपेक्षा लवकर, तीन दिवसांत, पूर्ववत झाले. आईला हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "हे मी तुला साठ वर्षे सांगते आहे." खरे आहे. पण पुढची ओळही मी तिला वाचून दाखवली : हे सर्व रुग्ण अठरा ते साठ वयाचे होते, आणि त्यांचे जुलाब साधे, गुंतागुंत नसलेले होते. भाचीच्या दोन वर्षांच्या मुलाबद्दल त्या निबंधाला काहीच म्हणायचे नाही.

मुलांवरची परीक्षा झाली ती मेयोच्या मुळाची, आणि तीही रशियात. सेंट पीटर्सबर्गच्या डॉक्टरांनी रोटा विषाणूमुळे जुलाब लागलेली ४० मुले घेतली, वीसांना टॉरमेंटिलच्या मुळाचा अर्क, वीसांना नुसते नावाचे औषध. कोणाला काय दिले हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. २००३ साली निष्कर्ष आला. अर्क घेणाऱ्यांचे जुलाब सरासरी तीन दिवसांत थांबले, इतरांचे पाच दिवसांत. पण हा तयार, मोजून मापून केलेला अर्क होता, मुले डॉक्टरांच्या नजरेखाली होती आणि सर्वांना पाण्याचा पुरवठा चालू होता. शेजारणीच्या दुधातल्या मुळाला किती टॅनिन उतरले असते, कोण सांगणार? (रोटा विषाणूची लस आयर्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१६ नंतर जन्मलेल्या बाळांना सरकारकडून दिली जाते.)

हिरड्याचेही असेच. घाटमाथ्यावर जुन्नर, आंबेगाव, अकोले या भागांत महादेव कोळी बांधव हिरडा वेचून विकतात, आणि कोकणातल्या घरी तान्ह्या बाळाच्या गुटीत हिरड्याचा वेढा असायचाच. मुंबईच्या बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसीतील जगताप आणि करकेरा यांनी १९९९ साली दाखवले की हिरड्याच्या पाण्याने दात किडवणारे जंतू वाढत नाहीत आणि दाताला चिकटतही नाहीत. दहा टक्के अर्काने चूळ भरली तर लाळेतील जंतूंवरचा परिणाम दीड तास टिकतो. आपल्या बेटावरही हिरड्याचा एक सख्खा भाऊ आहे. त्याला आपण ब्वा बेंज्वँ म्हणतो, तो मास्करीन बेटांवाचून जगात कुठे मूळचा उगवत नाही आणि त्याची साल तिझानवाले अजून विचारतात. झाड मात्र रानात दुर्मिळ झाले आहे. बेटाच्या औषधी वनस्पतींची नोंद डॉ. अमीना गुरीब-फाकीम यांनी १९९० च्या दशकात तीन खंडांत करून ठेवली, हे आपल्यावर मोठेच उपकार. पुढे २०१५ ते २०१८ त्या आपल्या राष्ट्राध्यक्ष होत्या.

आता वाचक विचारतील की मग या टॅनिनची गोळी का निघत नाही? उत्तर पुन्हा त्याच मूळ धर्मात आहे. जे भेटेल त्या प्रथिनाला धरणारे द्रव्य पोटातून रक्तात नीट शिरत नाही, वाटेतच अडकते. म्हणून तोंड, आतडे, कातडी अशा जिथे ते थेट पोचते तिथेच त्याचा उपयोग. फुप्फुसातला क्षय किंवा रक्तात भिनलेला ताप तुरट काढ्याने जाणार नाही. आणि रक्तात शिरले तर धोकाच. १९२५ साली अमेरिकेतील डेट्रॉइटच्या एडवर्ड डेव्हिडसन या डॉक्टरने भाजलेल्या जखमांवर टॅनिक आम्ल लावण्याची रीत काढली. जखमेवर चामड्यासारखी खपली धरायची आणि रुग्णाला बरे वाटायचे. ती रीत जगभर पसरली. मग १९४० च्या दशकात कळले की उघड्या जखमेतून ते आम्ल शरीरात जाऊन यकृत बिघडवते, आणि ती सोडून द्यावी लागली. झाडपाल्यातले आहे म्हणून निरुपद्रवी, असे म्हणणाऱ्यांनी ही वीस वर्षांची गोष्ट लक्षात ठेवावी. आणखी एक साधी गोष्ट : टॅनिन जंतूंचे लोह पळवते तसे आपलेही. जेवणावर लगेच कडक चहा घेतला तर भाजीतले लोह अंगी कमी लागते. रक्त कमी असलेल्या आणि गरोदर बायकांनी चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा.

ज्या कॉनोली रुग्णालयात मुलाला नेले ते १९५५ साली क्षयरोग्यांसाठी उघडले होते. त्याच सुमारास, १९५४ साली, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात व्हिन्सेंट बॅरी यांच्या मंडळींनी क्षयावर औषध शोधताना क्लोफाझिमिन बनवले. त्यांच्या शोधाची सुरुवात दगडफुलाच्या जातीतल्या एका वनस्पतीच्या घटकापासून झाली होती. क्षयावर ते तेव्हा फारसे चालले नाही, कुष्ठरोगावर मात्र चालले, आणि १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या तीन औषधांपैकी ते एक आहे. डॉ. अँटियांच्या मुंबईतल्या रुग्णांना याच उपचाराने दिलासा मिळाला. एका वनस्पतीपासून औषधापर्यंतची वाट किती लांब आणि वाकडी असते, हे यावरून दिसेल.

आणि ती वाट चालण्याची निकड आज आहे. २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे दगावली, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला. साध्या जुलाबाला प्रतिजैविक गोळ्या घेण्याची सवय हे त्याचे एक कारण. ब्लँचर्डस्टाउनच्या डॉक्टरांनी त्या मुलाला गोळी दिली नाही तेव्हा भाचीच्या सासूबाई फोनवर रागावल्या होत्या. मला तरी डॉक्टरांचे बरोबर वाटते.

आपल्या घरी पाला वापरणाऱ्यांसाठी एवढे सांगतो. निबंधातला पेरू म्हणजे आपला मोठा गोयाव. रानात हिवाळ्यात आपण वेचायला जातो तो लहान तांबडा गोयाव द शिन वेगळ्या जातीचा, त्याच्यावर ही परीक्षा झालेली नाही. मोठ्या माणसाने काढा घेतला तरी मीठसाखरेचे पाणी सोडू नये, कारण जुलाबात जीव जातो तो पाणी गेल्याने. लहान मुलाच्या बाबतीत काढ्याची वाट पाहत बसू नये. मूल निपचित पडले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसले किंवा डोळे खोल गेले की त्याच घटकेला दवाखाना गाठावा.

भाचीने मला जाताना पेरूची पाने आणायला सांगितले होते. पण १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपात ताजी पाने नेण्यास सरकारी प्रमाणपत्र लागते, तेव्हा ते राहिले. आता तिने तिकडच्याच एका दुकानातून पेरू आणून त्याच्या बिया कुंडीत पेरल्या आहेत आणि कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आहे. परवा फोनवर सांगत होती, दोन रोपे वर आली आहेत. मेयोची म्हातारी रोज येऊन त्यांना पाहून जाते, आणि उन्हाळ्यात गावी गेली की पिवळ्या फुलाचे मूळ आणून देणार आहे, औषधाला नव्हे, लोखंडाच्या थेंबाने निळेकाळे होते की हिरवे ते पाहायला.